वरच्या मावशी खाली आल्या

वरच्या मावशींना दोन आवाज होते. एक डोंगरातला. या सोंडेवरून त्या सोंडेवरच्या माणसाला त्या हाक मारत, तेव्हा मधल्या घळीतल्या शेळ्याही माना वर करत. दुसरा माणसांत बसल्यावरचा. तो इतका हलका, की समोरच्याला सरकून कान पुढे करावा लागे. मावशी आमच्या ओसरीवर बोलत बसल्या, की चार बायकांची डोकी एकत्र आलेली दिसत आणि आमच्या मामंजींना वाटे, घरात काहीतरी कट शिजतोय. खरं तर बोलणं तुपाचं नाहीतर म्हशीच्या कासेचं असायचं.

त्यांचं नाव बायजाबाई. पण माझ्या सासूबाईंखेरीज ते कुणी घेत नसे. आमचं गाव भोरच्या वरच्या अंगाला, वेळवंडी नदीच्या काठी. मावशींचा धनगरवाडा डोंगराच्या माथ्यावर. तिथून त्या भोरच्या बाजाराला तूप घेऊन उतरत आणि जाता-येता आमच्याकडे पाणी प्यायला थांबत. वरून येतात म्हणून वरच्या मावशी. एवढं साधं ते नाव होतं.

मी लग्न होऊन त्या घरी आले, तेव्हा रुखवतातली भांडी ओसरीवर मांडलेली होती. गावातल्या बायका भांड्यांवरचं नाव वाचत होत्या, घडण बघत होत्या. मावशींनी मात्र एकेक भांडं हातात घेऊन नुसतं तोललं आणि खाली ठेवलं. पितळी घागर उचलली तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चांगली हाय. पर जड हाय." मला राग आला. माझ्या वडिलांनी मुद्दाम जाड पत्र्याची घडवून घेतली होती. पुढे कळलं, की मावशी प्रत्येक गोष्ट उचलूनच बघतात. घोंगडी, पाटा, कुणाचं तान्हं मूल, सगळं. ज्यांना वर्षातून दोनदा बिऱ्हाड पाठीवर घ्यावं लागतं, त्यांची ती पारख होती.

त्याच सुमारास डोंगरात जंगलाची नवी हद्द पडली. जागोजाग दगड रचून त्यांना चुना फासला गेला. त्या दगडांच्या आत शेळी दिसता कामा नये, कुऱ्हाड लागता कामा नये, आणि नाचणी पेरायला जागा जाळणं तर मुळीच नको. सरकारचं म्हणणं अगदीच वावगं होतं असं नाही. डोंगर खरोखर उघडे पडत चालले होते. पावसाळ्यात ओढ्यांना तांबडंलाल पाणी येई, आणि खाली भाटघरला धरणाची नवी भिंत उभी राहत होती, तिला त्या गाळाची धास्ती होती. राखणीला नेमलेला शिपाई मावशींच्याच हातचं ताक पिऊन त्यांना हे सगळं समजावून गेला. मावशींना त्याचा राग नव्हता.

"त्यो राखायला बसलाय, आमी चारायला," त्या सासूबाईंना म्हणाल्या. "दोगंबी खरं. मंग जमायचं कसं?"

जमलं नाहीच. वाड्यावरची घरं फुटली. मावशींचे थोरले दीर वरंध्याच्या घाटानं कोकणात उतरले. धाकट्या दिराची मुलं मुंबईला गोदीत गेली. मावशींचा नवरा आधीच वारलेला, पोटी मूल नाही. त्यांच्याजवळ राहिला पुतण्या म्हादू, त्याची बायको आणि आणखी दोन घरं. एवढी माणसं शेळ्या घेऊन खाली सरकली आणि डोंगराच्या कमरेला जो सपाट माळ आहे, तिथं झोपड्या बांधून राहिली. माळ जंगलाच्या हद्दीबाहेर होता. तो आमच्या गावाचं गायरान होता.

आणि नेमकं त्याच वर्षी आमचं गाव वर सरकायला निघालं होतं.

धरणाचं पाणी कुठवर येणार, याच्या खुणा मोजणीवाले करून गेले होते. आमच्या घरामागच्या कातळावरची खूण आढ्याहून उंच होती. मी चुलीपुढे बसले, की मागच्या दारातून ती पांढरी रेघ दिसे. नव्या नवरीला सासरी काय काय नवं वाटतं, पण मला सारखं वाटे, आपण पाण्याच्या तळाशी भाकऱ्या थापतोय. गावात दोन मतं पडली. काहीजण निरेच्या कालव्यावर जायचं म्हणत होते. तिकडे काळी जमीन, बारमाही पाणी. बाकीचे म्हणत, वरच्या माळावर घरं बांधू, उरलंसुरलं वावर तरी डोळ्यांपुढे राहील. मामंजी दुसऱ्या मताचे. आमचे शेजारी केरबा, वेगळ्या भावकीतले पण मामंजींच्या रोजच्या बसण्यातले, तेही सुरुवातीला त्यांच्याच बाजूचे होते.

घरांच्या जागा आखायला पुरुषमंडळी माळावर गेली. भाकरी-पाणी घेऊन मी आणि सासूबाई मागून पोचलो, तेव्हा केरबा मावशींच्या झोपडीपुढे उभे होते.

"हे गावाचं गायरान हाय," ते म्हणत होते. "कुणाला इचारून बसला तुमी हितं?"

मावशी काहीतरी बोलल्या. ते ऐकू गेलं नाही म्हणून केरबांना वाकावं लागलं.

"काय म्हनलीस?"

"बसा म्हनलं."

वाकून उभ्या असलेल्या माणसाला भांडता येत नाही. केरबा नाइलाजानं दगडावर टेकले, मग मामंजीही बसले. मावशींनी सगळ्यांना ताक दिलं आणि सासूबाईंशेजारी येऊन बसल्या.

"तुमाला पान्यानं उठवलं, आमाला जंगलानं," त्या म्हणाल्या. "माळ येकच हाय. म्या रोज तेच बगत बसते."

मामंजी म्हणाले, "बायजाबाई, तुमच्या शेळ्या हितं ऱ्हायल्या तर आमची पिकं कशी ऱ्हायची? आधीच वावर थोडं."

"शेळ्या म्या इकते. मेंढरं घेते. मेंढराला हितला पाऊस सोसत न्हाई, ती पावसाळाभर देशावर जातील. तुमचं पीक हुबं आसंल तवा आमचं जितराब हितं नसंलच. दिवाळीला आलो की तुमच्या वावरात बसवू. खत तुमचं."

"आन त्येच्या बदल्यात?"

"कुनी इचारलं, तर हे लोक गावातलेच हाईत म्हनायचं. येवढंच. गाव नसलेल्याच्या जनावराला गायरानातबी जागा नसती."

मग केरबा उठले. "आज तीन घरं हाईत, उद्या तीस व्हतील. धनगर काय कुठल्या गावचा नसतो," असं म्हणून ते उतरायला लागले. मावशींनी त्यांच्या हातचं ताकाचं भांडं घेतलं, विसळलं आणि पालथं घातलं. चेहरा तसाच होता.

गावाचा निर्णय लवकर झाला नाही. दोन-तीन बैठका झाल्या, त्यात केरबांचं बोलणं पुष्कळांना पटत होतं. माझ्या नवऱ्यालासुद्धा. पोटात भीती असली की माणूस आपल्याहून दुबळ्याकडेच बोट दाखवतो, हे तेव्हा मला कळत नव्हतं. मला आपलं वाटे, मावशींनी शेळ्या विकायच्या म्हटल्या म्हणजे केवढं मोठं बोलल्या त्या. शेळ्यांची नावं त्यांना तोंडपाठ होती.

मग नवी जागा पाहायला साहेब आले, सोबत कारकून आणि शिपाई. साहेबांनी माळ हिंडून पाहिला, झरा पाहिला, आणि काठीनं झोपड्यांकडे दाखवून विचारलं, "या कुणाच्या?"

मामंजींनी केरबांकडे पाहिलं. केरबांनी डोंगराकडे. मावशी आपल्या दारात उभ्या होत्या. आम्ही बायका पाण्याच्या घागरी घेऊन बाजूला थांबलो होतो. सासूबाई परक्या पुरुषापुढे कधी बोलत नसत, घरातही मामंजींपुढे दोन शब्दांवर तिसरा नाही. त्यांनी पदर पुढे ओढला आणि म्हणाल्या, "आमच्याच हाईत. गावातल्या."

साहेबांना नीट उमगलं नाही. "गावात धनगर आहेत?"

"हाईत की," सासूबाई म्हणाल्या.

"व्हय साहेब," मामंजी घाईनं म्हणाले. "आमच्याच."

साहेब पुढे गेले. एवढ्यावर सगळं झालं. रात्री जेवताना मामंजींनी विचारलं, "तुला कुणी बोलायला सांगितलं व्हतं?" सासूबाई भाकरी थापत म्हणाल्या, "मंग तूप कुनाकडनं घ्यायचं?" मामंजींनी आणखी एक भाकरी मागून घेतली.

केरबा मात्र कालव्यावर गेले. त्यांच्याबरोबर आणखी काही घरं गेली. गाड्या भरून निघाल्या तेव्हा मावशी माळावरून खाली आल्या आणि केरबांच्या बायकोच्या हातात तुपाचं गाडगं दिलं. तोललेलं असणार, वाटेत जड होणार नाही एवढंच. केरबा बैलांच्या कासऱ्याकडे बघत उभे राहिले.

आमचं बिऱ्हाड हलवताना मावशी रोज खाली येत. घर कसं हलवायचं, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही आधी कौलं काढायला निघालो होतो. मावशी म्हणाल्या, "आदी तिकडं चूल मांडा. सांजच्याला तिकडं भाकरी झाली, की मानसाचं पाय आपसूक वर चढत्यात." म्हणून उघड्या माळावर, भिंत नाही, छप्पर नाही, अशी आमची चूल आधी पेटली. दिवसभर खाली घर उतरवायचं आणि जेवायला वर जायचं. वासे गेले, दारं गेली, जातं गेलं, देव गेले. माझी जड घागर म्हादूनं खांद्यावरून वर नेली आणि वाटेत तीनदा टेकवली. मावशी माझ्याकडे बघून हसल्या. तेव्हा मलाही हसू आलं.

पाणी आलं ते गाजावाजा न करता. आम्ही माळाच्या कडेला बसून बघत होतो. आधी वावरं गेली, मग पाणवठा, मग आमची जोती. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मावशी त्यांच्याशेजारी गुडघे मिठीत घेऊन बसल्या होत्या. समजूत घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "आमचा वाडा मोडला तवा म्या येकलीच बगत हुते. तुमी समदी हाईसा." आणि म्हशीचं दूध काढायची वेळ झाली म्हणून उठून गेल्या. सासूबाईही डोळे पुसून त्यांच्यामागे गेल्या.

नव्या गावात आमची घरं माळाच्या वरच्या अंगाला झाली आणि मावशींची वस्ती खालच्या अंगाला. तरी त्या वरच्या मावशीच राहिल्या. माझी थोरली, यमुना, नव्या गावात जन्मली आणि मावशींच्या कडेवर वाढली. बोलायला लागल्यावर तिनं विचारलं, "तुमी तर खाली ऱ्हाता, मग वरच्या मावशी कशा?" मावशी म्हणाल्या, "म्या हितंच हाय गं. डोंगुरच वर सरकला." पोरीला ते पटलं. पुढे कित्येक दिवस ती रोज सकाळी डोंगर आणखी किती वर गेला, ते बघून येई.

पाणी जसं येतं तसं जातंही, हे आम्हाला हळूहळू कळलं. होळीच्या सुमारास ते मागे हटे आणि गाळाची काळीशार जमीन उघडी पडे. आम्ही तिच्यात पेरायला उतरायचो. उन्हाळ्यात सगळा मुलूख पिवळा पडला, तरी पाण्याच्या कडेला हिरवं गवत असे. मावशींची मेंढरं त्यात पोटभर चरत. डोंगरावर असताना उन्हाळ्यात त्यांची जनावरं वाळून जात. "आता बगा कशी झाल्यात," असं त्या प्रत्येकाला हाताला धरून दाखवत आणि एखादं कोकरू उचलून तोलायला देत.

पाण्याशी त्यांचं जमलं, होडीशी मात्र जमेना. पलीकडच्या काठाला जायला आता होडीच होती. राजगडाच्या पायथ्याला पालीला मावशींची बहीण दिलेली. तिच्याकडे जायला त्या पाण्याला वळसा घालून सगळी खोरी चालत, पण होडीत पाय ठेवत नसत. "जे आपल्याला उचलतं, त्येला आपून उचलल्याबिगर कसं बसायचं," म्हणत. एकदा सासूबाईंच्या माहेरी पलीकडे लग्न निघालं. सासूबाई म्हणाल्या, "बायजे, तू न्हाई आलीस तर म्याबी जात न्हाई." मावशी आल्या. काठापासून काठापर्यंत डोळे मिटून सासूबाईंचं मनगट धरून बसल्या. पलीकडे उतरल्यावर सासूबाईंनी हात चोळत सांगितलं, की बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. परतताना दोघी वळसा घालून चालत आल्या. लग्नाहून त्या चालण्याच्याच गोष्टी सासूबाई पुढे सांगत.

पावसाळ्याच्या तोंडाशी मावशी मेंढरं घेऊन देशावर निघत. म्हशी आमच्या गोठ्यात ठेवून जात. पहिल्या वर्षी त्या कालव्याच्या बाजूला गेल्या. निघताना म्हणाल्या, "आपलं पानी कुठं जातंय ते तर बगून येते." दिवाळीला परत आल्या तेव्हा चार बायका कान पुढे करून बसल्या.

"केरबा दिसला," मावशी म्हणाल्या.

म्हादू मेंढरं बसवायला वावर विचारत एका वस्तीवर गेला होता, तर बाहेर आले ते केरबाच. बांधावर उभे राहून पुष्कळ वेळ बघत राहिले. मग मावशींना म्हणाले, "गावाकडं समदं बरं हाय न्हवं?"

"बरं हाय म्हनलं. तर म्हनला, बसा."

"आन मग?" सासूबाईंनी विचारलं.

"मंग बसले. त्येच्या बायकूनं भाकरी वाढली. जमीन चांगली हाय, ऊस हुबा हाय. पर त्यो सुकलाय. म्हनला, हितं आमाला समदे धरणवाले म्हनत्यात. पानवठ्यावर मागं हुबं करत्यात. गावचं कुनी म्हनत न्हाई."

"तू काय म्हनलीस?"

"काय म्हननार? म्हनलं, दम धरा. म्हनतील."

यात टोमणा नव्हता. मावशींना टोमणा येतच नसे. त्यांनी ते स्वतः सोसलेलं होतं आणि ते सरतं, हेही बघितलेलं होतं. त्यानंतर दर पावसाळ्यात त्यांची मेंढरं केरबांच्या वावरात बसू लागली. जाताना मावशी आमच्याकडून आंबेमोहराचं बी, सुकवलेल्या करवंदांची पुरचुंडी, कोण जन्मलं, कोण गेलं, कुणाच्या सुनेचं काय झालं, असं सगळं घेऊन जात आणि येताना तिकडचं घेऊन येत. गूळ असायचाच. दुभंगलेलं गाव असं वर्षातून एकदा मावशींच्या तोंडून एकमेकांना भेटायचं. कधी केरबांची बायको निरोप पाठवी, की सूनबाईला सांगा, तिच्या हातच्या नाचणीच्या भाकरीची आठवण येते. मी पीठच बांधून देई. मावशी ते हातात घेऊन तोलत आणि थोडं काढून ठेवत.

जर्मनच्या दुसऱ्या लढाईच्या दिवसांत मावशी थकल्या. म्हादू म्हणे, आता तू इथंच राहा. त्या राहिल्या नाहीत. एका वर्षी दिवाळी झाली तरी मेंढरं आली नाहीत. सासूबाई रोज माळाच्या कडेला जाऊन उभ्या राहत. तुळशीची लग्नं लागून गेली, तेव्हा घंटांचा आवाज आला. मेंढरांपुढे म्हादू होता, आणि त्याच्या मागून काठी टेकत केरबा येत होते. गाव सोडल्यापासून ते पहिल्यांदाच परत येत होते.

ओसरीवर बसून त्यांनीच सगळं सांगितलं. मावशींना ताप भरला तो उतरलाच नाही. केरबांनी त्यांना पालातून उचलून आपल्या घरात नेलं. बायकोनं रात्रंदिवस केलं. "हलक्या झाल्या हुत्या," केरबा म्हणाले. शेवटी शेवटी त्या डोंगरातल्या आवाजात हाका मारत होत्या, शेळ्यांना, नावं घेऊन. बांधाला उभं राहून सगळी वस्ती ऐकत होती. पुढचं सगळं केरबांनी केलं. आता तिथलं गाव त्यांना आपलं म्हणू लागलं होतं, खांदा द्यायला तिथली माणसंही आली.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग उठल्या, गोठ्यात गेल्या आणि मावशींच्या म्हशीपाशी बराच वेळ बसल्या.

केरबा पुढे चार दिवस राहिले. मामंजी आणि ते संध्याकाळी माळाच्या कडेला बसून पाण्याकडे बघत. काय बोलत, ते आम्हाला ऐकू येत नसे. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी यमुनाला आपल्या धाकट्या मुलासाठी मागितलं. मामंजी म्हणाले, लांब पडतं. सासूबाई आतून म्हणाल्या, "लांब कसलं? मेंढरं जात्यात की."

पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं आणि माझी पोर कालव्यावर गेली. मी फार रडले. आमच्याकडून पहिल्यांदाच कुणी इतक्या दूर दिलेली होती.

पहिल्या दिवाळीला तिला आणायला मुराळी पाठवायचं चाललं होतं. तोवर ती स्वतःच आली, म्हादूच्या बायकोबरोबर, मेंढरांमागून चालत. जावयानं गाडी जुंपतो म्हटलेलं, तिनंच नको सांगितलं. उन्हानं काळवंडली होती, पायांना धुळीचे मोजे चढले होते, लुगड्याला लोकरीचे पुंजके चिकटले होते. मी पाय धुवायला पाणी आणलं आणि विचारलं, "दमलीस का गं?"

"नाही," यमुना म्हणाली. "मुक्काम चांगले होते."